सोन्याचं पान ओळखताना

नमस्कार श्रोतेहो. दसरा जवळ आला. आपल्या नागपुरात सीताबर्डीत, गोकुळपेठेत आता फांद्यांचे ढीग लागतील. गेल्या वर्षी अशाच एका ढिगातली जुडी मी उचलली, तर निम्मी पानं आपट्याची, निम्मी कांचनाची. विकणाऱ्या मावशींना दाखवली. त्या म्हणाल्या, "बाई, जोडपान हाय न, मंग सोनंच हाय."

त्यांचं काय चुकलं? दोन्ही झाडं म्हणजे बाउहिनिया या एकाच प्रजातीतल्या दोन जाती. हे नाव बाउहिन या दोन भावांवरून आलं, दोघेही वनस्पतिशास्त्रज्ञ. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसला त्या जोडपानात ही भावंडं दिसली. गंमत म्हणजे कांचन या शब्दाचा अर्थच सोनं, पण दसऱ्याचं सोनं मात्र आपटा.

अशी जवळची झाडं आम्ही फुलांवरून वेगळी करतो. कांचनाच्या फुलात 5 पुंकेसर, त्याच्याच जवळच्या देवकांचनात बहुधा 3. पण आपटा फुलतो उन्हाळ्यात. दसऱ्याला त्याच्या फांदीवर फूल कुठलं? म्हणून पानालाच विचारायचं.

फक्त पान लहान की मोठं, यावर जाऊ नका. एकाच झाडावर सावलीतलं पान मोठं होतं, उन्हातलं लहान राहतं. कोवळा फुटवा तर हमखास फसवतो. फांदीच्या मधली पाच-सहा जून पानं घ्या आणि प्रमाण पाहा. आपट्याचं पान बहुधा लांबीपेक्षा रुंद, जाड, खरखरीत. आता ते उलटं करा. खालची बाजू फिकट, बारीक लवेनं भरलेली. देठापासून पंख्यासारख्या निघालेल्या शिरा मोजा. आपट्याला 7 ते 9, कांचनाला बहुधा 9 ते 15. म्हणजे 9 शिरा निघाल्या तर नुसत्या मोजणीनं निकाल लागत नाही. जाडी आणि लव पाहावीच लागते. जोडपानाचे दोन भाग म्हणजे दलं; देवकांचनात त्यांच्यामधली खाच खोल, कधी पानाच्या निम्म्यापर्यंत जाते, आणि दलांची टोकं निमुळती होतात. कांचनाची खाच उथळ, दलं गोल.

एका खुणेवर झाड ठरवू नये, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगते. तीन-चार खुणा एकाच बाजूला झुकल्या, की मग नाव घ्यावं.

मला खरं दुःख होतं ते ओरबाडलेल्या कांचनाचं. हिवाळा सरता सरता तो फुलायचा, आणि आम्ही त्याच्या फांद्या आश्विनातच मोडून ठेवतो, तेही दुसऱ्याच झाडाच्या नावानं.

सेमिनरी हिल्सकडे फिरायला जात असाल, तर संध्याकाळी एखाद्या आपट्यापाशी थांबा. दिवस कलला की त्याची दोन्ही दलं पुस्तकासारखी मिटतात आणि लवेची बाजू बाहेर येते. पान तोडू नका, नुसतं बोट फिरवा. उजेड नसला तरी ती लव बोटाला कळते.