मित्राची अ‍ॅडरॉल आणि आपली झोप

नमस्कार. अमेरिकेतल्या विद्यापीठांत परीक्षांचा आठवडा जवळ आला, की कुणातरी एकाच्या एडीएचडीच्या (लक्ष एकाग्र न होण्याच्या विकाराच्या) गोळ्या वसतिगृहातल्या इतरांच्या हाती जाऊ लागतात, आणि आपल्याकडून तिकडे शिकायला गेलेल्या मुलांपुढेही हा मोह उभा राहतो. आज बोलायचे आहे ते त्यांतल्या अ‍ॅडरॉल या गोळीबद्दल आणि ती हिरावून घेत असलेल्या झोपेबद्दल.

अ‍ॅडरॉलमध्ये अँफेटामिन या मेंदूला उत्तेजित करणाऱ्या द्रव्याचे क्षार असतात. डॉक्टरांनी तपासून, मात्रा ठरवून दिलेल्या रुग्णाला तिचा खरोखर आधार होतो, आणि त्याच्या उपचारांवर कोणीही शंका घेऊ नये. प्रश्न आहे तो निदान नसताना ती घेणाऱ्यांचा. तिच्यातील डेक्स्ट्रोअँफेटामिन या मुख्य घटकाचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला प्रौढांमध्ये सुमारे १० तास लागतात. म्हणजे दुपारी चारला गोळी घेऊन पहाटे दोनला दिवा मालवला, तरी औषधाचा मोठा अंश शरीरात कामावर असतोच. डोळे मिटलेले, छाती धडधडते आहे, आणि दिवसभर वाचलेले ज्या गाढ झोपेत स्मरणात पक्के व्हायचे, ती झोप मात्र येत नाही.

सकाळी घेतली तर चालेल, असे अनेकांना वाटते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात निरोगी तरुणांना अ‍ॅडरॉलमधला हाच घटक, डेक्स्ट्रोअँफेटामिन, सकाळी दिला होता. तरीही त्यांची रात्रीची झोप घटली आणि कार्यकारी स्मृतीत (माहिती थोडा वेळ मनात धरून तिच्यावर काम करण्याच्या क्षमतेत) त्या दिवशी काहीही लाभ दिसला नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलेली गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. अवघड कोडी सोडवताना डेक्स्ट्रोअँफेटामिनसारखी औषधे घेतलेल्यांनी वेळ आणि कष्ट अधिक घातले, पण त्यांच्या प्रयत्नांचा दर्जा घसरला. हुरूप वाढला, समज नाही. आणि रात्री जागणाऱ्याला हा हुरूपच अभ्यास झाल्यासारखा भासतो.

ज्यांच्याकडे स्वतःचे प्रिस्क्रिप्शन आहे, त्यांनी हेही जाणून घ्यावे की अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार मित्राला फुकट दिलेली एक गोळीसुद्धा वाटपाचा गुन्हा ठरू शकते. आणि जे आधीच घेत आहेत, त्यांनी विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जाऊन किती, केव्हा आणि कशासोबत घेतली हे मोकळेपणाने सांगावे, कारण बरेच दिवस घेतलेली गोळी एकाएकी सोडली तर अतिझोप आणि तीव्र उदासी येऊ शकते, आणि ते दिवस एकट्याने काढू नयेत.