सात मिनिटं आणि समोरची बाजू

[दृश्य: रिकामा वर्ग. फळ्यावर खडूने लिहिलेला विषय. खिडकीबाहेर एसटीचा थांबा.]

‘एसटीच्या तिकिटातली महिलांची सवलत कायम राहावी.’ आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेसाठी हा विषय मिळालाय. हातात दहा दिवस आहेत. भाषणाला सात मिनिटं, सहाव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा, सातव्याला शेवटची.

१७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या गाड्यांमध्ये महिलांना निम्मं तिकीट पडतं. या वर्गातल्या बऱ्याच मुली रोज एसटीनेच येतात, म्हणजे विषय अगदी घरचा. नेमकी तीच अडचण होते. आपल्याला उघड दिसणारी गोष्ट दुसऱ्याला पटवून द्यावी लागते, हे बोलणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

[दृश्य: विद्यार्थिनी कागद हातात घेऊन वाचतेय. बाकावर मोबाइल, त्यावर पळणारे सेकंद.]

पहिला मसुदा ११५० शब्दांचा. वाचायला लागली ९ मिनिटं ४० सेकंद, म्हणजे मिनिटाला साधारण १२० शब्द. या वेगाने सात मिनिटांत ८४० शब्द बसतात. पण सभागृहात टाळ्या पडतात, थांबावं लागतं, एखादं वाक्य पुन्हा घ्यावं लागतं. म्हणून लिहायचे ७५०च. बाकीचे ४०० काढायचे.

काय काढायचं? आधी नमनाचं तेल. ‘सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावरील मान्यवर, आदरणीय परीक्षक’ यात ३५ सेकंद जातात. मग दोन शेर आणि एक श्लोक. मग जिजाऊ, सावित्रीबाई, अहिल्यादेवी ही एका श्वासात घेतलेली नावं. या तिघींबद्दल सभागृहात कुणाचंच दुमत नाही, आणि म्हणूनच तिकिटाच्या प्रश्नावर या यादीने कुणाचं मत हलत नाही. ज्या व्यक्तीचं नाव घ्यायचं तिचं एखादं काम विषयाला भिडत असेल तरच घ्यावं. नाहीतर ते नाव टाळीसाठी वापरल्यासारखं होतं.

[दृश्य: मार्गदर्शक प्राध्यापिका फळ्यावर तीन चौकोन काढतात.]

आता उरलेल्या ७५० शब्दांची तपासणी. फळ्यावर तीन शब्द आहेत: दावा, पुरावा, दुवा. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ साली युक्तिवादाची जी चिरफाड केली, तिचा हा सोपा गाभा. दावा: सवलत राहावी. पुरावा: सवलतीनंतर गाडीत बायका जास्त दिसतात. दुवा म्हणजे या पुराव्यावरून त्या दाव्यावर आपण कुठल्या आधाराने गेलो, ते. जास्त बायका प्रवास करतात, हे खरं धरलं तरी त्यात त्यांचं भलं काय झालं? दवाखाना, बाजार, कॉलेज, माहेर यांपैकी कुठे जाणं वाढलं? नवशिक्या वक्त्याची भाषणं बहुतेक वेळा इथेच फसतात. पुरावा आणि दावा शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि मध्ये आवाज चढवलेला असतो.

[दृश्य: बसस्थानक. फलाट, वहीत रेघा मारणारा हात, तिकीट फाडणारा कंडक्टर.]

म्हणून ही वही घेऊन फलाटावर येणं. एकदा साध्या दिवशी, एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी. गाडीत चढणाऱ्या बायका, त्यांचं वय अंदाजे, आणि विचारून घेतलेलं एक उत्तर: कुठे निघालात? या नोंदींनी अख्ख्या राज्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही, आणि भाषणात तसं म्हणायचंही नाही. ‘आमच्या स्थानकावर दोन दिवस मोजलं तेव्हा’ एवढंच म्हणायचं. मर्यादा स्वतःहून सांगणाऱ्या वक्त्याच्या पुढच्या आकड्यावरही परीक्षक विश्वास ठेवतात. भाषणात आकडे तीनच ठेवावेत. कानाने ऐकणाऱ्याला चौथा आकडा धरता येत नाही.

[दृश्य: ग्रंथालय. जाड खंड उघडलेला, पानावर पेन्सिलीची खूण.]

सगळ्यात जास्त वेळ जातो तो पुढच्या कामात. आपल्याकडे त्याला जुना शब्द आहे, पूर्वपक्ष. आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, त्याला मान्य होईल अशा शब्दांत, मगच उत्तरपक्ष. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची मोडणं ती वितंडा. वितंडवाद हा शब्द आपण रोज वापरतो. स्पर्धेच्या व्यासपीठावर तर तो फार ऐकू येतो.

उघडलेला खंड संविधान सभेच्या चर्चेचा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेलं भाषण विद्यार्थी सहसा शेवटाकडून वाचतात: राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांतला विरोध, विभूतिपूजेचा धोका. इथे वाचायला सांगितलाय तो मधला भाग. संविधानावर टीका करणारे कोण, कम्युनिस्ट काय म्हणतात, समाजवाद्यांना काय हवंय, हे बाबासाहेब आधी सांगतात आणि मग उत्तर देतात. केंद्राला जास्त सत्ता दिली आणि राज्यांच्या नगरपालिका केल्या, हा आक्षेप ते स्वतः सभागृहापुढे ठेवतात. आक्षेप पातळ करून मांडलेला नाही. वक्तृत्व शिकणाऱ्याने ही पानं हातात पेन्सिल घेऊन वाचावीत. आक्षेप कुठे संपतो, उत्तर कुठे सुरू होतं, तिथे रेघ मारावी.

[दृश्य: वर्गात दोन गट. एका गटाकडून प्रश्नांचा मारा.]

तर मग सवलतीवरचे आक्षेप. पहिला: ऐपत असलेल्या बाईलाही निम्मं तिकीट का? दुसरा: सवलतीची रक्कम सरकारने महामंडळाला भरून द्यायची असते, ती वेळेवर आली नाही तर गाड्यांची दुरुस्ती कशातून करायची? तिसरा सगळ्यात जड: गावात दिवसाला एकच फेरी असेल तर निम्म्या तिकिटाचं करायचं काय?

पहिल्या तालमीत या तिसऱ्या आक्षेपावर उत्तर आलं, ‘विरोधकांना महिलांची प्रगती बघवत नाही.’ हे उत्तर नाही, हेत्वारोप आहे. गुण इथे जातात, आणि श्रोताही जातो. चार दिवसांनी आलेलं उत्तर असं: फेऱ्या कमी आहेत हे खरं. पण फेरी वाढवायची मागणी करायला प्रवासी दाखवावे लागतात, आणि सवलतीने ते फलाटावर आणलेत. यातही फट आहे, विरोधक ती शोधेल. तरीही हे उत्तर उभं राहतं, कारण त्यात आक्षेपातला खरा भाग मान्य केलाय.

[दृश्य: पोस्टकार्डाएवढी पाच कार्डं. कोपऱ्यात क्रमांक.]

लिहिलेलं भाषण आता बाजूला. पाच कार्डं: सुरुवात, पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, पूर्वपक्ष आणि उत्तर, शेवट. कार्डावर पूर्ण लिहायचं ते फक्त पहिलं वाक्य आणि आकडे. शब्दन् शब्द पाठ केलेला वक्ता एक शब्द विसरला की पुढचा सगळा परिच्छेद जातो. मुद्द्यांचा क्रम पाठ असलेला नवं वाक्य जुळवून पुढे जातो. दुसऱ्या मुद्द्याच्या कार्डाला लाल खूण आहे. इशाऱ्याची घंटा वेळेआधी कानावर आली, तर गाळायचं कार्ड ते.

[दृश्य: गच्ची. संध्याकाळ. विद्यार्थिनी बोलतेय, समोर पंधरा पावलांवर मैत्रीण.]

मैत्रीण ऐकतेय फक्त वाक्यांचे शेवट. मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटी येतो. ‘ही सवलत म्हणजे उधळपट्टी नाही.’ श्वास संपला, ‘नाही’ गिळलं गेलं, की मागच्या रांगेला उलटाच अर्थ पोचतो. उपाय: लांब वाक्य मध्ये तोडायचं, शेवटच्या दोन शब्दांसाठी हवा राखायची. मग उच्चार. ‘माझा’मधला झ आणि ‘माझी’मधला झ वेगळे आहेत. घाई झाली की ते एक होतात. आपली बोली मात्र पुसायची नाही. गावाकडचा हेल परीक्षकाला खटकेल या धास्तीने मुलं उसनी पुणेरी आणतात आणि मधेच घसरतात. त्यापेक्षा स्वतःच्या बोलीत, स्पष्ट.

ध्वनिमुद्रण ऐकताना ‘म्हणजे’ आणि ‘तर’ मोजले जातायत. त्यांच्या जागी एका श्वासाची शांतता.

[दृश्य: सभागृह. ध्वनिक्षेपक, रिकाम्या खुर्च्या.]

ध्वनिक्षेपक हनुवटीच्या उंचीवर, तोंडापासून एक वीत. थेट समोर ठेवला की प, फ, भ फुटतात, म्हणून किंचित बाजूला. हातात घेऊन स्पीकरच्या समोर गेलं की शिट्टी वाजते. टिचकी मारून, फुंकून तपासायचा नसतो, पहिलं वाक्य बोलूनच कळतं. नजर एका वाक्याला एकाच माणसावर, पुढचं वाक्य सभागृहाच्या दुसऱ्या भागात.

[दृश्य: स्पर्धा. भरलेलं सभागृह. घंटा. विद्यार्थिनीचा हात लाल खुणेच्या कार्डावर, कार्ड खाली जातं. इथे निवेदन नाही, मूळ आवाज.]

तिसरा क्रमांक.

[दृश्य: तोच वर्ग. नाणं हवेत.]

पुढच्या महिन्यात याच विषयावर वादविवाद आहे. बाजू नाणेफेकीने ठरते. तिला प्रतिकूल आली. पाचांपैकी चौथं कार्ड ती गठ्ठ्यातून काढते, कोपऱ्यातला ४ खोडते आणि तिथे १ लिहिते.