श्वेडगॉनचा पश्चिम दरवाजा

(दृश्य : गोराईची खाडी, लाँच, समोर सोनेरी कळस)

बोरिवलीहून गोराई जेट्टीवर यायचं आणि लाँचने खाडी ओलांडायची. कळस त्याआधीच दिसायला लागतो. हा विश्व विपश्यना पगोडा. याचा आकार म्यानमारमधल्या (पूर्वीच्या ब्रह्मदेशातल्या) यांगूनच्या, म्हणजे जुन्या रंगूनच्या, श्वेडगॉन पगोडावरून घेतला आहे. आतला घुमट जोधपूरच्या दगडांचा आहे. दगडात दगड अडकवत तो वर नेला आहे आणि मध्ये एकही खांब नाही. एका वेळी आठ हजार माणसं इथे ध्यानाला बसू शकतात. ज्यांच्या प्रेरणेने हे उभं राहिलं ते सत्यनारायण गोयंका मंडालेत जन्मले. विपश्यना ते तिकडेच शिकले आणि १९६९ मध्ये ती घेऊन भारतात आले.

(दृश्य : लाकडी दरवाजावरचं कोरीवकाम, अगदी जवळून)

हे दरवाजेही म्यानमारचे. तिथल्या कारागिरांनी हाताने कोरलेले.

(दृश्य : पगोडाभोवतीचा चौथरा, दर्शनाला आलेली गर्दी)

मूळ श्वेडगॉनच्या पश्चिम दरवाजापाशी २६ ऑगस्ट १९८८ रोजी लाखो माणसं जमली होती. त्याच महिन्यात लष्कराने लोकशाहीसाठी रस्त्यावर उतरलेल्या निदर्शकांवर गोळ्या चालवल्या होत्या. बोलायला उभ्या राहिल्या आँग सान सू ची, देशाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते आँग सान यांची मुलगी. वय ४३. आजारी आईची सेवा करायला त्या काही महिन्यांपूर्वी मायदेशी परतल्या होत्या. समोरचा जमाव संतापलेला होता. लष्कराविरुद्ध एक कडक शब्द पुरला असता.

त्या उलटं बोलल्या. हे सैन्य माझ्या वडिलांनी उभारलं, लहानपणी सैनिकांनीच मला सांभाळलं, मला त्यांच्याविषयी जिव्हाळा आहे, आणि जनता आणि सैन्य यांच्यात फूट पडलेली मला बघायची नाही, असं त्यांनी सांगितलं. त्याच भाषणात त्यांनी बहुपक्षीय लोकशाही मागितली, मोकळ्या निवडणुका मागितल्या आणि लोकांकडून शिस्त मागितली. त्यांचा पुढचा सगळा विचार या एका भाषणात सापडतो. राष्ट्रीय समेट म्हणजे ज्याने गोळी चालवली त्यालाही चर्चेला बसवायचं. ऐकायला हे सोपं वाटतं. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांच्यासमोर उभं राहून हे म्हणणं फार अवघड आहे.

(दृश्य : दादर, चैत्यभूमी. वंदनेला बसलेल्या बायका)

पण चर्चेला बसायचं तर भीती जायला हवी. सू ची यांनी हे बौद्ध परंपरेतल्या चार अगतींच्या आधाराने मांडलं. छंद (म्हणजे आसक्ती), द्वेष, मोह आणि भय. माणूस वाट चुकतो तो या चारांपैकी एकामुळे. सिगालोवाद सुत्तातली ही शिकवण चैत्यभूमीवर येणाऱ्यांना नवी नाही. सू ची यांच्या मते चौघांत भय सर्वांत वाईट, कारण बाकीच्या तिघांच्या मुळाशी बहुधा तेच असतं. सत्ता जाईल म्हणून राज्यकर्ता घाबरतो, सत्तेचा फटका बसेल म्हणून प्रजा घाबरते, आणि दोघंही बिघडतात. म्हणून नुसता कायदा बदलून सुधारणा होत नाही, मनाची घडण बदलावी लागते, हा त्यांचा आग्रह होता. बाबासाहेबांच्या अनुयायांना हा आग्रह आपला वाटावा. बाबासाहेब स्वतः १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते.

(दृश्य : गावदेवी, मणिभवन. गांधीजींची खोली, चरखा)

मणिभवनातली ही खोली इथे दाखवण्याला कारण आहे. सू ची यांची आई भारतात ब्रह्मदेशाची राजदूत होती. मुलगी दिल्लीच्या लेडी श्रीराम कॉलेजात राज्यशास्त्र शिकली, १९६४ मध्ये पदवीधर झाली, आणि गांधी तिला तिथे भेटले ते अभ्यासातून.

जुलै १९८९ मध्ये त्या नजरकैदेत गेल्या. १९९० च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या, पण लष्कराने सत्ता सोडली नाही. १९९१ चं नोबेल शांतता पारितोषिक मुलांनी जाऊन स्वीकारलं. जुलै १९९५ मध्ये सुटका झाली तेव्हा सूड हा शब्द त्यांच्या तोंडी आला नाही. त्यांनी दक्षिण आफ्रिकेकडे बोट दाखवलं: तिथे काल एकमेकांच्या जिवावर उठलेले लोक आज मिळून काम करतात, मग आपल्याला ते का जमू नये? नंतर त्या दर शनिवार-रविवारी घराच्या फाटकावर उभ्या राहायच्या. लोक प्रश्न लिहून द्यायचे आणि त्या उत्तरं द्यायच्या. पुढे पुन्हा नजरकैद. २०१० पर्यंतच्या २१ वर्षांतली सुमारे १५ वर्षं त्या बंदिवासात होत्या.

(दृश्य : पगोडातल्या प्रदर्शनदालनातून फिरणारे विद्यार्थी)

आता सुधारणेचं गणित. लष्कराने २००८ मध्ये जी राज्यघटना आणली तिच्यात संसदेच्या २५ टक्के जागा गणवेशातल्या लोकांसाठी राखीव आहेत. आणि महत्त्वाच्या कलमांत दुरुस्ती करायला ७५ टक्क्यांहून अधिक मतं लागतात. म्हणजे कुलूपही लष्कराचं आणि किल्लीही लष्कराची. ज्याची मुलं परदेशी नागरिक आहेत त्याला राष्ट्राध्यक्ष होता येत नाही, हे कलमही त्यातलंच. सू ची यांची मुलं परदेशी नागरिक, म्हणून २०१५ ची निवडणूक जिंकूनही त्या त्या पदावर बसू शकल्या नाहीत. त्यांच्यासाठी राज्य सल्लागार हे पद निर्माण करावं लागलं.

ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांनी एकविसाव्या शतकातलं पांगलाँग, म्हणजे वांशिक गटांबरोबरची शांतता परिषद, भरवलं. पहिलं पांगलाँग त्यांच्या वडिलांचं. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी आँग सान यांनी शान, काचिन आणि चिन या वांशिक गटांच्या नेत्यांबरोबर करार केला होता. पाच महिन्यांत त्यांची हत्या झाली आणि कराराचा आत्मा मागे पडला. तो धागा मुलीला पुन्हा हाती घ्यायचा होता. लष्कर आणि सशस्त्र वांशिक संघटना एका सभागृहात बसल्या. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोलाचं काम हेच.

२०१७ मध्ये लष्कराच्या कारवाईनंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात, रोहिंग्यांच्या वंशसंहाराच्या आरोपावर, सू ची यांनी म्यानमारची बाजू मांडली.

२०२० मध्ये त्यांच्या पक्षाने लष्कराच्या जागा टप्प्याटप्प्याने कमी करण्याची दुरुस्ती आणली. आधी १५ टक्के, मग १०, मग ५. तीन निवडणुकांचा अवधी देऊन. सैन्याला अपमान वाटू नये अशी ती रीत होती. मार्चमध्ये ती दुरुस्ती पडली. नोव्हेंबरमध्ये पक्ष पुन्हा जिंकला. १ फेब्रुवारी २०२१ ला नवी संसद भरणार होती, त्याच पहाटे लष्कराने सत्ता ताब्यात घेतली आणि सू ची यांना अटक झाली.

(दृश्य : घुमटाखाली ध्यानाला बसलेले साधक, वरून)

निवडून आलेल्या खासदारांनी २००८ ची राज्यघटना रद्द जाहीर केली आणि संघराज्याची सनद मांडली. त्यांच्या समांतर राष्ट्रीय एकता सरकारात सू ची यांचं पद कायम ठेवलं होतं, त्या मात्र कैदेत होत्या. जून २०२१ मध्ये या सरकारने आणखी एक आश्वासन दिलं: रोहिंग्यांना नागरिकत्व नाकारणारा १९८२ चा नागरिकत्व कायदा रद्द करू, आणि रोहिंग्यांना देशाचे नागरिक म्हणून परत आणू.