हार्ड डिस्कला पंखा लावायचा की नाही?

ही टेबलावर उलटी ठेवलेली साडेतीन इंची हार्ड डिस्क. चालू असताना साधारण सहा ते नऊ वॉट खाते, म्हणजे घरातल्या एलईडी बल्बएवढं. प्रोसेसर जोर लावला की शंभर वॉट सहज ओलांडतो म्हणून त्याच्या डोक्यावर तेवढा मोठा पंखा असतो हे समजू शकतं, पण हिला वेगळा कूलर कशाला?

जरा जवळून बघा. मधे गोल दिसतंय ती मोटर, आणि ह्या हिरव्या बोर्डावरची काळी चौकोनी चिप म्हणजे डिस्कचा कारभार बघणारा कंट्रोलर. तापतात ती मुख्यतः ही दोन. आत चकत्या मिनिटाला ७२०० फेऱ्या मारतात आणि मोटरची बरीचशी ताकद आतली हवा कापण्यातच जाते, म्हणून तर २०१३ पासून मोठ्या डिस्कमधे हवेऐवजी हेलियम भरून त्या सील करायला लागले, हेलियम हवेपेक्षा सातपट हलका, त्यामुळे घर्षण कमी, वीज कमी, उष्णता पण कमी. बाकी जी काही उष्णता राहते ती ह्या अ‍ॅल्युमिनियमच्या अंगातून स्क्रूवाटे कॅबिनेटच्या पत्र्यात उतरते. आता स्क्रू नको म्हणून प्लास्टिकचे ट्रे आणि रबरी बुशिंग आलेत, बसवायला झकास, पण हा रस्ता जवळपास बंदच करून टाकतात, मग उरते फक्त आजूबाजूची हवा.

कूलरची फॅशन आली कुठून? १९९६ मधे सीगेट कंपनीची चीता ही डिस्क आली, १०,००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या, आणि २००० साली तिचीच १५,००० वाली. त्या खरंच भाजायच्या, सर्व्हरमधे त्यांना वारा लागायचाच. २००८ च्या वेलोसीरॅप्टरमधे तर वेस्टर्न डिजिटलने अडीच इंची डिस्क थेट हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या, साडेतीन इंची चौकटीत बसवून विकली. ते बघून घरच्या साध्या डिस्कखालीही चाळीस मिलिमीटरचे दोन चिमुकले पंखे स्क्रूने आवळायची हौस सुरू झाली, आणि हे पंखे माझ्या मते फायद्यापेक्षा डोकेदुखीच जास्त, कारण एवढ्याशा पंख्याला वारा द्यायचा तर गरागरा फिरावं लागतं, बेअरिंग गेलं की तो घरघरतो आणि ती थरथर सरळ डिस्कच्या अंगात. आत हेड, म्हणजे डेटा वाचणारा-लिहिणारा भाग, चकतीपासून फक्त काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. सन मायक्रोसिस्टिम्स ह्या कॉम्प्युटर कंपनीचा एक इंजिनिअर २००८ मधे चालू डिस्कच्या रॅकसमोर जोरात ओरडला, तर तेवढ्यानेसुद्धा डिस्क अडखळल्या आणि ग्राफवर उंचवटा दिसला! गंमत म्हणजे त्याच हेडमधे कंपनीनेच एक छोटासा हीटर बसवलेला असतो, तो तापला की हेडचं टोक किंचित फुगून चकतीच्या आणखी जवळ येतं. म्हणजे गरम होणं हे काही ह्या यंत्राला नवीन नाही.

बरं, मग गरम डिस्क लवकर मरते का? इथे घोळ आहे. गूगलने २००७ मधे एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला, त्यात सरासरी तापमान वाढलं म्हणून डिस्क जास्त जातात असं दिसलंच नाही, उलट फार थंड असलेल्या जास्त गेल्या, उष्णतेचा त्रास दिसला तो खूप तापलेल्या आणि तीन वर्षं वापरून झालेल्यांना. २०१४ मधे बॅकब्लेझ ह्या ऑनलाइन बॅकअपच्या कंपनीनेही ३४ हजारांवर डिस्क बघून साधारण तेच सांगितलं, पण त्यांच्या डिस्क मुळात तीसच्या आसपास किंवा त्याखालीच होत्या, त्यावरून पंचावन्न डिग्रीचं काय होईल ते कसं कळणार? आणि मधेच २०१३ च्या मायक्रोसॉफ्टच्या अभ्यासात सरासरी तापमानाचा संबंध चक्क सापडला. त्यामुळे कोणी छातीठोकपणे काहीही सांगितलं तर त्याला विचारा, डिस्क कुठे ठेवलेल्या?

बहुतेक डेस्कटॉप डिस्कच्या डेटाशीटमधे कमाल ६० डिग्री लिहिलेलं असतं. क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम टाका, स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) तापमानाचा आकडा बघा, एखादी मोठी कॉपी लावून तासाभराने परत बघा. चाळिशीत असेल तर विसरून जा. पन्नाशी ओलांडून तिथेच ठाण मांडून बसत असेल तर डिस्कसमोर एकशेवीस मिलिमीटरचा एक पंखा हळू फिरवला तरी पाच-दहा डिग्री सहज उतरतात, गरज असते ती हवा हलायची, वादळाची नाही.

खरी दया येते ती डीव्हीआरमधल्या, म्हणजे सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधल्या डिस्कची. दुकानात माळ्यावर लाकडी पेटी, पेटीला कुलूप, आत चोवीस तास रेकॉर्डिंग, पेटीला एक भोक नाही. तीच गत साडेतीन इंची एक्स्टर्नल डिस्कची, प्लास्टिकच्या डबीत बंद करून रात्रभर बॅकअप लावतात. पेटीला वर-खाली भोकं पाडा, डबी उभी ठेवा, कूलरचे पैसे वाचतील.

आणि आपल्याकडे, म्हणजे मुंबई-कोकण-गोवा पट्ट्यात, एक वेगळाच मुद्दा आहे, दमटपणा. मायक्रोसॉफ्टच्याच २०१६ च्या अभ्यासात नऊ डेटा सेंटर आणि दहा लाखांवर डिस्क होत्या, आणि तिथे तापमानापेक्षा हवेतली आर्द्रता जास्त भारी पडली, कंट्रोलर आणि जोडण्या गंजून डिस्क जात होत्या. दमट ठिकाणी तर ज्या सर्व्हरमधे डिस्क मागच्या बाजूला, गरम हवेच्या झोतात होत्या, त्या जास्त टिकल्या, कारण हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. तेव्हा जुलैत, भिंतींना ओल आलेली असताना, खिडकीची ओली हवा पंख्याने डिस्कवर मारून ती तीस डिग्रीवर आणायची खटपट कोणी करत असेल, तर तो पंखा बंद करा आणि तिला चाळीसवर राहू द्या.