हलका हात: जिम क्लार्कची कारकीर्द

[दृश्य: दगडी कुंपणं, उतारावर चरणाऱ्या मेंढ्या, लांबवर शेतघर]

निवेदन:

स्कॉटलंडच्या आग्नेय टोकाला, इंग्लंडच्या हद्दीला लागून बेरिकशायर आहे. चर्नसाइड गावाजवळच्या एडिंग्टन मेन्स या शेतावर क्लार्क कुटुंब १९४२ साली राहायला आलं. चार बहिणींच्या पाठीवर झालेला जिम, पुढे मोटार शर्यतींत दोनदा विश्वविजेता ठरलेला, तेव्हा सहा वर्षांचा होता. सोळाव्या वर्षी शाळा संपली आणि तो शेतात राबू लागला. शेत पुढे त्यालाच सांभाळायचं होतं. गाड्यांच्या शर्यतींना घरातून विरोध होता. तरी १९५६ साली क्रायमंडच्या जुन्या विमानतळावर मित्राची डीकेडब्ल्यू घेऊन तो पहिल्यांदा शर्यतीत उतरला.

१९५८ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅचला त्याने लोटस कंपनीची एलिट गाडी चालवली. शर्यतीत दुसरी एक एलिट होती आणि ती चालवत होते लोटसचे मालक कॉलिन चॅपमन. क्लार्क दुसरा आला, पण चॅपमनना हवा तो माणूस सापडला होता. १९६० साली नेदरलँड्समधल्या झांडफोर्टला क्लार्क लोटसकडून फॉर्म्युला वनची, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाची, पहिली शर्यत धावला. मरेपर्यंत फॉर्म्युला वनच्या अजिंक्यपद शर्यतींत त्याने दुसऱ्या कुठल्याही संघाची गाडी चालवली नाही.

[दृश्य: लोटस २५ चा उघडा सांगाडा, रिव्हेटच्या रांगा, कॅमेरा हळूहळू जवळ]

१९६२ साली आलेली ही लोटस २५. तोवरच्या गाड्यांचा सांगाडा बारीक नळ्या जोडून उभा करत. चॅपमननी नळ्याच काढून टाकल्या. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या लांब पेट्या, मध्ये तळाचा पत्रा, आडवे पडदे, आणि सगळं रिव्हेटने जोडलेलं. पेट्यांच्या आत पेट्रोलच्या रबरी पिशव्या. म्हणजे पत्रा हाच सांगाडा आणि तीच टाकीची भिंत. वजन कमी झालं आणि गाडीचा ताठपणा कितीतरी वाढला. वळणावर सांगाडा पिळला, तर सस्पेन्शनची, म्हणजे चाकं धरणाऱ्या स्प्रिंग-दांड्यांची, मांडणी कितीही अचूक असो, चाकं भलत्या कोनात जातात. ताठ गाडीला स्प्रिंग मऊ ठेवता येतात आणि टायर रस्ता सोडत नाही. चालक जवळपास आडवा झोपून गाडी चालवतो, त्यामुळे हवेला छेदणारा समोरचा भागही लहान होतो. मागे कोव्हेंट्री क्लायमॅक्सचं दीड लिटरचं व्ही-८ इंजिन. ताकद मर्यादित. असल्या गाडीत वळणावर वेग सांडला की तो परत मिळवायला फार वेळ लागतो.

क्लार्कचं कसब इथेच होतं. तो ब्रेक थोडा आधी आणि हळुवार दाबायचा. वळणात शिरतानाही पाय एकदम न उचलता दाब कमी कमी करत न्यायचा. त्यामुळे पुढच्या टायरवरचा भार टिकून राहतो, गाडीचं नाक वळणाकडे ओढलं जातं आणि वळणाच्या मध्यावर वेग जास्त उरतो. स्टिअरिंगला झटका नाही, की गाडी आडवी करून ओढणं नाही. त्याचे टायर आणि ब्रेक पॅड सहकाऱ्यांपेक्षा जास्त टिकायचे, हे मेकॅनिकना चाकं काढल्यावर दिसायचंच.

[दृश्य: पावसातलं स्पा, पाण्याचे फवारे]

बेल्जियमचा स्पाचा रस्ता त्याला मनापासून नावडता. १९६० साली तिथे एकाच शर्यतीत ख्रिस ब्रिस्टो आणि ॲलन स्टेसी यांचे मृत्यू झाले, आणि तोही त्याच शर्यतीत होता. स्टेसी लोटसचाच चालक. तरी १९६२ ते १९६५ अशी सलग चार वर्षं स्पाची शर्यत त्यानेच जिंकली. १९६३ ला तो आठव्या जागेवरून सुटला आणि पहिल्याच फेरीत पुढे गेला. पाऊस कोसळत होता आणि टॉप गिअर निसटत होता. सरळ रस्त्यावर तो एका हाताने गिअरचा दांडा दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने ओल्या रस्त्यावर गाडी सांभाळायचा. दुसऱ्या आलेल्या ब्रूस मॅकलॅरनपेक्षा तो जवळजवळ पाच मिनिटं आधी पोहोचला. त्या वर्षी दहापैकी सात शर्यती जिंकून तो विश्वविजेता झाला.

मागचं आणि पुढचं अशी आणखी दोन अजिंक्यपदं थोडक्यात गेली.

डिसेंबर १९६२, दक्षिण आफ्रिकेतलं ईस्ट लंडन. हंगामाची शेवटची शर्यत. जिंकली असती तर किताब त्याचाच होता. तो आघाडीवर असताना गाडीमागे निळसर धूर दिसू लागला. इंजिनाचा एक लहानसा बोल्ट सैल होऊन निघाला होता आणि त्या भोकातून तेल बाहेर येत होतं. ऐंशीच्या वर फेऱ्यांची शर्यत, आणि साठी ओलांडल्यावर त्याला थांबावं लागलं. किताब ग्रॅहम हिलला गेला.

ऑक्टोबर १९६४, मेक्सिको. पुन्हा शेवटची शर्यत आणि पुन्हा क्लार्क पुढे. शर्यत संपत आली असताना एका वळणावर त्याला तेलाचा पट्टा दिसला. दुसऱ्या कुणाच्या गाडीचा असेल म्हणून त्याने पुढच्या फेरीत वाट बदलली, तर त्या नव्या वाटेवरही तेल. ते त्याच्याच गाडीतून गळत होतं. तेलाची नळी फुटली होती. अगदी शेवटी इंजिन गेलं आणि किताब जॉन सर्टीसकडे.

[दृश्य: १९६५, इंडियानापोलिस, हिरवी लोटस ३८]

१९६५ साली मोनाकोची शर्यत सोडून तो अमेरिकेला इंडियानापोलिस ५०० साठी गेला. इंजिन मागे असलेल्या गाडीने ही शर्यत तोवर कधी जिंकली नव्हती. पिटमध्ये वूड बंधूंचा संघ होता, अमेरिकी स्टॉक कार शर्यतींत मुरलेला. पेट्रोल वरच्या टाकीतून केवळ उताराने भरायचं, पंप लावायला बंदी. दोन थांब्यांत त्यांनी एवढ्या झटपट पेट्रोल भरलं, की टाकी पूर्ण भरली का अशी शंका बघणाऱ्यांना आली. २०० पैकी १९० फेऱ्या क्लार्क आघाडीवर होता. त्याच वर्षी फॉर्म्युला वनचा किताबही त्याने घेतला. एकाच वर्षात दोन्ही मिळवणारा तो आजवर एकटाच आहे.

त्या हंगामातली सिल्व्हरस्टोनची शर्यत मात्र जास्त लक्षपूर्वक बघावी अशी आहे. शेवटच्या टप्प्यात तेल कमी झालं. वळणावर उरलेलं तेल एका बाजूला सरकायचं, पंप हवा ओढायचा आणि ऑइल प्रेशरचा काटा खाली यायचा. अशा वेळी इंजिन जोरात फिरवलं तर बेअरिंग जळतं. मग क्लार्कने वळणावर इंजिनच बंद करायला सुरुवात केली. गाडी वेगावर वळण काढायची आणि सरळ रस्ता लागला की इंजिन पुन्हा चालू. मागून हिल दर फेरीला जवळ येत होता. अंतर तीन सेकंदांवर आलं आणि शर्यत संपली. क्लार्क पहिला.

१९६७ साली लोटस ४९ आली, फोर्डच्या पैशाने बनलेल्या कॉसवर्थ डीएफव्ही इंजिनासह. हे इंजिन सांगाड्याच्या पाठीला थेट बोल्टने जोडलेलं. मागचं सस्पेन्शन इंजिन-गिअरबॉक्सवरच. झांडफोर्टला सरावात क्लार्कला मागून काहीतरी चुकतंय असं जाणवलं आणि तो गाडी थांबवून बसला. मेकॅनिकनी उघडून पाहिलं तर मागच्या चाकाचं बेअरिंग फुटलेलं. दुरुस्त गाडी घेऊन तो आठव्या जागेवरून सुटला आणि नव्या इंजिनाची पहिलीच शर्यत जिंकला.

मोंझाला त्याच वर्षी टायर पंक्चर झाला आणि तो एक संपूर्ण फेरी मागे पडला. ती फेरी त्याने भरून काढली आणि पुन्हा आघाडी घेतली. शेवटच्या फेरीत टाकीच्या तळचं पेट्रोल पंपाला ओढता आलं नाही. तो तिसरा आला.

[दृश्य: ७२ शर्यतींचा तक्ता]

त्याच्या फॉर्म्युला वनच्या ७२ अजिंक्यपद शर्यतींचा तक्ता एकदा नजरेखालून घाला. २५ विजय, ३३ वेळा पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा. दुसरा क्रमांक फक्त एकदा, १९६३ साली जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगला, तोही इंजिन नीट चालत नसताना. गाडी धड असेल तर तो जिंकायचा. नाही जिंकला, तर बहुतेक वेळा कारण एखाद्या बोल्टात, नळीत नाहीतर पंपात सापडतं.

[दृश्य: होकेनहाइमचं जंगल, ओला रस्ता]

७ एप्रिल १९६८. जर्मनीतलं होकेनहाइम, फॉर्म्युला वनच्या खालच्या दर्जाची, फॉर्म्युला टू ची शर्यत. पाचव्या फेरीत, झाडांमधल्या जलद भागात त्याची लोटस ४८ घसरली आणि झाडावर आदळली. तिथे ना कठडा होता, ना जवळ प्रेक्षक. सर्वांत संभाव्य कारण मानलं जातं ते मागच्या टायरमधून हळूहळू गेलेली हवा. भर वेगात चाक गरगर फिरत असताना टायर आपला आकार धरून ठेवतो, त्यामुळे चालकाला फरक कळत नाही. बाजूने जरा जोर आला की टायरची कड रिमवरून आत निसटते. त्यानंतर हाती काही उरत नाही. तो ३२ वर्षांचा होता. पुढे तिथे वेग कमी करणारं वळण आणि कठडे बसवले गेले, आणि त्या वळणाला त्याचं नाव दिलं.

चर्नसाइडच्या दफनभूमीत त्याचा दगड आहे. त्यावर दोन्ही अजिंक्यपदं आणि इंडियानापोलिस कोरलंय. त्याच्या वर, सगळ्यांत आधी, एडिंग्टन मेन्सचा शेतकरी.