लेखाखालची एक ओळ

काही वर्षांपूर्वी मी कात्रजच्या जुन्या नळावर एक लेख लिहिला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत आणलं गेलं, हे इथं बसलेल्या बहुतेकांना ठाऊक असेल. माझा लेख त्या नळावरच्या उसाशांबद्दल होता. नळातली हवा बाहेर पडावी म्हणून वाटेत जागोजागी उभी केलेली ही बांधकामं शोधत मी दोन उन्हाळे फिरले होते. लेख इंटरनेटवर टाकला आणि चार महिन्यांनी तो मला माझ्याच मावशीनं व्हॉट्सॲपवर पाठवला. "वाच गं, तुझ्या आवडीचा विषय आहे." शब्दन् शब्द माझा. खाली नाव नाही, फक्त 'जसा आला तसा पुढे पाठवत आहे'.

त्याच सुमारास एका तालुक्याच्या गावातल्या साप्ताहिकाच्या संपादकांची ईमेल माझ्या जुन्या पत्त्यावर पडून होती. पाण्यावरच्या विशेषांकात हाच लेख छापू का, असं त्यांनी विचारलं होतं. मी ती उघडली तोवर अंक निघून गेला होता. ज्यानं विचारलं तो ताटकळला आणि ज्यानं विचारलं नाही त्यानं नाव पुसून लेख गावभर केला. हे मला फार लागलं. लेखाचं काय केलेलं चालेल, हे मी कुठंच लिहून ठेवलं नव्हतं.

आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा आहे. त्यासाठी नोंदणी लागत नाही. लेख लिहून झाला की हक्क लेखकाचा, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. म्हणजे लेखाखाली काहीच लिहिलं नसेल तर कायदा त्याचा अर्थ 'विचारल्याशिवाय छापू नका' असाच लावतो. मुक्त परवाना म्हणजे ही परवानगी सगळ्यांना आधीच, लेखी देऊन ठेवणं. क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था अमेरिकेत २००१ साली सुरू झाली, तिचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले आणि सध्याची ४.० ही आवृत्ती २०१३ची. यात हक्क सोडून द्यायचा नसतो. हक्क तुमचाच, तुम्ही फक्त अटी सांगता.

अटी चार आहेत आणि त्यांच्या जोडण्यांतून सहा परवाने होतात. 'बाय' म्हणजे नाव द्या. 'एसए' म्हणजे बदल करून प्रसिद्ध केलंत तर तेही याच अटींवर खुलं ठेवा. 'एनसी' म्हणजे व्यापारी वापर नको. 'एनडी' म्हणजे बदललेलं रूप प्रसिद्ध करू नका.

नवा लेखक हमखास एनसीकडे वळतो. माझ्या लेखावर दुसऱ्यानं पैसे का कमवावेत, हा प्रश्न रास्तच आहे. पण आपला दिवाळी अंक विकत मिळतो, साप्ताहिक जाहिरातींवर चालतं, छोटा प्रकाशक पुस्तिकेला वीस रुपये लावतो. एनसी दिसलं की ही सगळी मंडळी बिचकतात, आणि मराठी लेख लांबवर नेणारी माणसं तर हीच आहेत. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियालाही एनसीचा मजकूर घेता येत नाही. एनडीचं आणखी वाईट, कारण अनुवाद हाही बदलच. एनडी लावलात की तुमचा लेख कन्नडमध्ये किंवा हिंदीत छापायचे दरवाजे तुम्हीच लावून घेतलेत. मी 'बाय-एसए' निवडला आणि लेखाखाली तशी एक ओळ टाकली. विकिपीडियाचा मजकूरही त्याच परवान्याखाली असतो आणि २०२३ पासून तिथंही ४.० आहे.

पुढच्याच वर्षी जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेच्या बाईंनी मला चार पानांची झेरॉक्स पाठवली. तोच लेख, सातवीच्या मुलांसाठी. मोठी वाक्यं तोडलेली, उसाशाची आकृती हातानं काढलेली. शेवटच्या पानावर माझं नाव, परवान्याचं नाव, मूळ लेखाचा पत्ता, आणि खाली बाईंच्या वळणदार अक्षरात 'भाषा सोपी केली आहे, शेवटचे दोन परिच्छेद गाळले आहेत.' केलेले बदल सांगायचे ही परवान्याचीच अट आहे, पण ती इतक्या मनापासून पाळलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. ते पान माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

ज्यांचं घर लेखणीवर चालतं त्यांना मी हे सरसकट सांगणार नाही. मानधनाचा लेख आधी छापून येऊ द्या. संपादकांशी लेखी करार झाला असेल तर तो नीट वाचा, हक्क तुम्ही त्यांना देऊन बसला असाल तर परवाना देणं तुमच्या हातात नाही. लेखातला फोटो दुसऱ्याचा असेल तर तो परवान्यातून वगळल्याचं लिहा. आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, म्हणून ओळ टाकण्याआधी एक रात्र जाऊ द्या.

आता माझ्या काकांबद्दल. ते शाळेत भूगोल शिकवायचे आणि मासिकांतून नद्यांवर लिहायचे. १९९४ मध्ये ते गेले. ती मासिकं बंद पडली, लेख ट्रंकेत राहिले. त्यांच्यावरचा हक्क २०५४ सालाच्या अखेरपर्यंत वारसांचा, म्हणजे माझ्या तीन चुलत भावंडांचा. तिघांची संमती असल्याशिवाय ते खुले करता येत नाहीत. दोघं भाऊ लगेच तयार झाले. ताईनं महिना घेतला. "बाबांच्या लेखात उद्या कुणी भलतंच घुसडलं तर?" मी तिला दाखवलं की बदल करणाऱ्यानं तसं लिहावंच लागतं. शिवाय मजकुराची मोडतोड करून लेखकाच्या नावाला बट्टा लावला तर वारसांनाही दाद मागता येते, हे आपल्या कायद्याच्या ५७व्या कलमात आहे. तिनं कागद दोनदा वाचला आणि सही केली.

पहिला लेख टाइप करून झालाय. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, त्या दिवशी नारायण पेठेतल्या त्यांच्या वाड्यात पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत चढलं, तिथपासून तो सुरू होतो. खाली काकांचं नाव आहे आणि परवान्याची ओळ. ती ओळ ताईनंच टाइप केली.