सातपुड्यातला ताप आणि औषधांचं जाळं

पावसाळा लागला की धडगाव, अक्कलकुव्याकडे तापाचे पेशंट वाढतात. आशाताई पाड्यावर जाते, बोटाला सुई टोचते, रक्ताचा थेंब किटवर टाकते आणि रेघ उमटायची वाट बघत बसते. व्हायवॅक्स मलेरिया निघाला तर क्लोरोक्विनने ताप उतरतो, पण हा जंतू लिव्हरमधे दडून राहतो आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी परत डोकं वर काढतो. त्यासाठी प्रायमाक्विन, आपल्याकडे १४ दिवस. आता ताप दोन-तीन दिवसांत गेला, माणूस मजुरीला गुजरातला निघाला, तर १४ दिवस गोळी कोण घेणार सांगा.

म्हणून छोटा कोर्स हवाय. एक पर्याय ७ दिवसांचं जास्त डोसचं प्रायमाक्विन, दुसरा टॅफेनोक्विन, एकदाच घ्यायचं. २०१९ मधे दोन्हींच्या मोठ्या ट्रायल आल्या, पण वेगवेगळ्या. एकीत टॅफेनोक्विन, दुसरीत ७ दिवसांचं प्रायमाक्विन, दोघं समोरासमोर आलेच नाहीत. मात्र दोन्हीकडे प्लासिबो (औषध नसलेली खोटी गोळी) होता, आणि तिथेच नेटवर्क मेटा-अ‍ॅनालिसिस कामाला येतं, म्हणजे अनेक ट्रायल जोडून जाळं विणायचं आणि समोरासमोर न आलेल्या औषधांची तुलना करायची.

कबड्डीचं बघा. जळगावने धुळ्याला १० पॉइंटने हरवलं, नंदुरबारने धुळ्याला ४ ने, मग जळगाव नंदुरबारपेक्षा ६ ने भारी असा अंदाज निघतो, मॅच न होता. पण धुळ्याची टीम दोन्ही वेळेस तीच होती का, एक मॅच मॅटवर आणि एक मातीत तर नव्हती ना? या अटीला ट्रान्झिटिव्हिटी म्हणतात आणि माझ्या मते सगळा जीव तिच्यातच आहे.

रिसर्च पेपरमधे या जाळ्याचं चित्र असतं. प्रत्येक औषधाला एक गोल, ज्यांची थेट तुलना झाली त्यांच्यामधे रेघ, बहुतेक वेळा जितक्या ट्रायल जास्त तितकी रेघ जाड. रेघ बारीक असेल तर तिथे थांबा. लोक मात्र सरळ खालच्या रँकिंगवर जातात, पहिला नंबर कुणाचा ते बघतात आणि पहिल्या-दुसऱ्यात खरा फरक किती, त्या आकड्याची खात्री किती, हे राहूनच जातं.

आपल्या दोन ट्रायल या नजरेने बघू. टॅफेनोक्विनच्या ट्रायलमधे १६ वर्षांवरचेच पेशंट, मुख्य निकाल ६ महिन्यांचा. प्रायमाक्विनच्या ट्रायलमधे ६ महिन्यांच्या बाळापासून पुढे सगळे, आणि वर्षभर लक्ष ठेवलेलं. देशही बहुतेक वेगळे (इथिओपिया तेवढा दोन्हीकडे), एकीकडे पेरू, ब्राझील, थायलंड, दुसरीकडे अफगाणिस्तान, इंडोनेशिया, व्हिएतनाम, आणि हा मलेरिया किती लवकर उलटतो ते प्रदेशाप्रमाणे बदलतं. म्हणजे दोन्हीकडचा प्लासिबो नावाला एकच, पेशंट वेगळे.

अजून एक गोष्ट, आपल्या भागासाठी फार महत्त्वाची. दोन्ही ट्रायलमधे जी-सिक्स-पीडी एन्झाइमची कमतरता असलेले लोक घेतलेच नव्हते, कारण या औषधांनी त्यांच्या लाल पेशी फुटतात. भारतातल्या अनेक आदिवासी समाजांत ही कमतरता सापडते. अशा माणसाला जाळ्यातला पहिला नंबर लागू होत नाही, आधी टेस्ट करावी लागते, आणि कमतरता निघाली तर प्रायमाक्विन आठवड्यातून एकदा, ८ आठवडे, तेही डॉक्टरच्या नजरेखाली.